चाकांवरची शिडाची होडी : कुटुंबासाठी कशी पारखावी?

बदलापूर हे काही बंदर नव्हे. मुंबईपासून लोहमार्गाने ६८ किलोमीटर आणि कल्याणच्या पुढे १४ किलोमीटर अंतरावर असलेले हे गाव उल्हास नदीच्या काठी वसले आहे खरे. परंतु येथील नदी गोड्या पाण्याची असून तिचे पात्र खडकाळ आहे. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती रहाते, तथापि तिला होडी चालण्याइतकी सलग खोली नाही. भरतीचे पाणी कल्याणच्या परिसरातच थांबते. जुन्या वाटेवर या ठिकाणी घोडे बदलीत असत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे सांगितले जाते. येथून समुद्राकडे निघणाऱ्या होडीलाही आपले वाहन बदलावे लागते : तिला आधी रस्त्याने जावे लागते आणि मग पाण्याने.

अशा गावातील एखादा शिक्षक, निवृत्त अभियंता किंवा कोकणातून येऊन स्थायिक झालेले एखादे कुटुंब कधीतरी विचारते, की मोटारीच्या मागे ट्रेलरवर नेता येईल अशी शिडाची लहान होडी घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर ती कशी पारखावी? हा प्रश्न केवळ हौशी माणसांचा नाही. शाळेच्या सहलीला होडीची जोड द्यावी काय, याचा निर्णय मुख्याध्यापकांना करावा लागतो. गावाच्या काठावरून खाजगी होडी पाण्यात उतरवू द्यावी काय, असे ग्रामपंचायतीला विचारले जाते. या सर्वांना होडीची पारख थोडीफार असावयास हवी.

होडी पहावयास गेलेला मनुष्य प्रथम शीड पहातो, रंग पहातो आणि ती किती वेगाने जाते हे विचारतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही पारख उलट्या टोकाने सुरू झाली पाहिजे. जिचे घर अंगणात आहे त्या होडीची पहिली परीक्षा रस्त्यावर, दुसरी धक्क्यावर आणि तिसरी ती उलटल्यानंतर होते. या तिन्हींत उतरलेली होडी थोडी संथ चालली तरी चालेल. यांपैकी एकीत नापास झालेली होडी कितीही सुंदर चालत असली, तरी दुसऱ्या वर्षी ती अंगणात ताडपत्रीखाली पडून रहाते.

परंपरा आहे, पण घरगुती नाही

शिडाची विद्या या भागाला परकी नाही. बदलापूरपासून पाऊण तासाच्या अंतरावर, कल्याणच्या खाडीकाठी, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीस हात घातला आणि मराठी आरमाराचा आरंभ झाला. पुढे पडाव, मचवे व गलबते याच खाडीतून माल वहात असत. क्रीडाप्रकार म्हणून शिडाच्या नौकानयनाची परंपराही मुंबईत जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालविण्यास शिकतात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या व त्यांत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळविले. दिलीप दोंदे या मराठी नौदल अधिकाऱ्याने गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत.

मात्र ही परंपरा सैन्यदलांची, क्लबांची आणि कोळी-खारवी बांधवांची आहे. आई-वडील आणि दोन मुले शनिवारी होडी घेऊन निघाली, खाडीकाठी रात्र काढून रविवारी परतली, असे चित्र आपल्याकडे विरळाच. याचे मुख्य कारण म्हणजे होडी ठेवावयाची कोठे? बंदरात नांगरून ठेवावी तर राखण हवी, तळाला शेवाळ व शिंपले धरतात आणि पावसाळ्याचे चार महिने तिला वर काढावेच लागते.

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गापुढे हीच अडचण होती. तेथे तिच्यावर जलरोधक प्लायवुडने उपाय काढला. फळ्यांची जड होडी जाऊन हलकी होडी आली व ती लहान मोटारीच्या मागे जाऊ लागली. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली वेफेअरर ही ४.८२ मीटर लांबीची होडी आणि १९६२ ची ३.३० मीटर लांबीची मिरर ही या प्रकारची ठळक उदाहरणे होत. मिररचे सुटे तुकडे तारेने शिवून, सांध्यावर राळ व काचधाग्याची पट्टी चढवून घरीच होडी उभी करता येत असे. फ्रँक डाय नावाच्या इंग्रज गृहस्थाने तर वेफेअररमधून १९६३ मध्ये आइसलँड आणि १९६४ मध्ये नॉर्वे गाठले. नॉर्वेच्या वाटेवर वादळात डोलकाठी मोडली आणि होडी अनेकदा उलटली. होडीच्या बळकटपणाचा दाखला म्हणून ही हकीकत ऐकावी. कुटुंबवत्सल माणसाने तिचे अनुकरण करू नये.

वजन : सर्वांत आधी

होडीची लांबी सांगितली जाते, वजन विचारावे लागते. मिररचा सांगाडा सुमारे ४५ किलोग्रॅमचा असतो. दोन माणसे तो उचलून वाळूवर नेऊ शकतात. परंतु तिच्यात दोन मोठी माणसे व एक मूल यांपलीकडे जागा नाही. एंटरप्राइझ या चार मीटरच्या होडीचे वजन ९४ किलोग्रॅम आहे, पण ती शर्यतीसाठी आखलेली असल्याने चपळ व चंचल आहे. वेफेअररचे वजन सुमारे १६९ किलोग्रॅम. चार माणसे आणि दोन दिवसांचे सामान तिच्यात मावते, पण ती उचलून नेण्याचा प्रश्नच नाही. ती चाकांवरूनच पाण्यापर्यंत गेली पाहिजे. छोट्या केबिनच्या, झोपावयास आडोसा असलेल्या होड्या याच्या दुपटी-तिपटीने जड असतात.

आता हिशेब करून पहावा. होडी १६९, डोलकाठी-शिडे-दोर-नांगर मिळून ५० आणि ट्रेलरचे स्वतःचे १३० असे धरले, तर मोटारीच्या मागे साडेतीनशे किलोग्रॅम ओढावयाचे आहेत. साध्या कौटुंबिक मोटारीला हे झेपण्यासारखे आहे, परंतु झेपते काय हे मोटारीच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर नव्हे. दुप्पट वजनाची केबिनवाली होडी घेतल्यास मोटारही दुसरी घ्यावी लागते आणि मग होडीचा खर्च हा होडीचा खर्च रहात नाही.

आमचा निर्णय येथेच सांगून टाकतो. बदलापूरसारख्या गावातील चौघांच्या कुटुंबाने साडेचार ते पाच मीटर लांबीची, दोनशे किलोग्रॅमच्या आतली, उघडी होडी पहावी. रात्रीच्या मुक्कामासाठी शिडाच्या आडव्या काठीवरून टाकलेली कनात पुरते.

ट्रेलरची पारख

होडीइतकेच लक्ष ट्रेलरकडे द्यावयास हवे, किंबहुना अधिकच. होडी वर्षातून वीस दिवस पाण्यात असेल. ट्रेलर त्या प्रत्येक दिवशी दोनदा रस्त्यावर असतो आणि वाटेत मोडणारी वस्तू बहुधा तोच असतो.

पहिली गोष्ट समतोलाची. एकूण भाराच्या साधारणपणे सात ते दहा टक्के भार ट्रेलरच्या पुढल्या टोकावर, म्हणजे मोटारीच्या जोडावर आला पाहिजे. साडेतीनशे किलोग्रॅमला तो पंचवीस ते पस्तीस किलोग्रॅम होतो. घरचा वजनकाटा टोकाखाली ठेवून तो मोजता येतो. हा भार कमी पडला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलविल्यासारखा झोले घेऊ लागतो. नांगर, पाण्याचा डबा व इंजिन ही जड सामग्री होडीच्या मागील भागात टाकून दिली, की हा दोष हटकून उद्भवतो.

दुसरी गोष्ट चाकांतील बेअरिंगांची. बदलापूरहून काटईमार्गे किंवा तळोजा-पनवेलवरून तासदोन तास चालून आलेल्या चाकांची तुंबी गरम झालेली असतात. ती तशीच खाऱ्या पाण्यात घातली, की आतील हवा एकदम आकसते आणि खारे पाणी आत खेचले जाते. दोन महिन्यांत बेअरिंग गंजते आणि पुढल्या खेपेस वडखळ नाक्याजवळ कोठेतरी चाक अडते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे धक्क्यावर पोहोचल्यावर अर्धा तास थांबणे. तेवढ्या वेळात डोलकाठी उभी करून होते. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे दुहेरी गाडी : रस्त्याचा ट्रेलर वेगळा आणि त्यावर बसणारी, पाण्यात जाणारी हातगाडीसारखी ट्रॉली वेगळी. होडी ट्रॉलीसह ट्रेलरवरून घसरून खाली येते, ट्रॉली पाण्यात जाते आणि ट्रेलर कोरडा रहातो. ज्या होडीबरोबर अशी दुहेरी गाडी मिळते तिला थोडे अधिक मोल द्यावयास हरकत नाही.

तिसरी गोष्ट आधाराची. होडीचा भार ट्रेलरवर तळाच्या मधल्या कण्यावर आला पाहिजे. बाजूचे आधार केवळ डोलू नये म्हणून असतात. काचतंतूच्या होडीचा तळ बाजूच्या आधारावर टेकून राहिला, तर आपल्या रस्त्यांवरील गतिरोधक त्याला चिरा पाडावयास समर्थ आहेत.

ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच होय. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येत त्याचा समावेश असल्याने त्याची नोंदणी हवी, मागे दिवे हवेत आणि मोटारीच्या विम्यातही ट्रेलर जोडण्याचा उल्लेख हवा. गावातील फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगल जोडून घेतलेला गाडा अंगणात होडी ठेवावयास उत्तम. त्यावरून रस्त्याने जाणे मात्र योग्य नाही.

चिखल आणि भरती

आपल्या खाड्यांचा स्वभाव युरोपातील सरोवरांसारखा नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरने चढते-उतरते. सकाळी नऊ वाजता जेथे होडी सहज तरंगली तेथे तिसऱ्या प्रहरी दोनशे पावले चिखल असतो.

प्रस्तुत लेखकाने हा धडा पुस्तकातून घेतलेला नाही. कल्याणला दुर्गाडीच्या खालच्या अंगाला एकदा भरतीवर होडी उतरविली आणि गप्पांच्या नादात ओहोटी लागल्यावर परतलो. मांडीभर चिखलातून ती ट्रॉलीपर्यंत ओढताना एका पायातील वहाण कायमची तेथेच राहिली व मदतीला आलेल्या तिघा रेतीवाल्यांनी जो चहा प्याला तो आमच्याच पैशाने. होडीचे वजन त्या दिवशी नेमके कळले.

म्हणून होडीचा तळ पहावयाचा. शिडाची होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तिच्या पोटातून पाण्यात एक फळी सोडलेली असते. काही होड्यांत ती सुरीसारखी वरून सरळ खाली घातलेली असते. काहींत ती एका खिळीभोवती फिरते आणि तिला सेंटरबोर्ड म्हणतात. कुटुंबासाठी फिरणारी फळीच पसंत करावी. ती खडकाला किंवा रेतीला लागली तर आपोआप मागे वळून वर येते. सरळ फळी लागली तर होडी जागच्या जागी अडते आणि आतील मुले पुढे फेकली जातात. वेफेअररसारख्या होडीला फळी खाली असताना सुमारे ११७ सेंटिमीटर पाणी लागते, वर घेतल्यावर केवळ २० सेंटिमीटर. सुकाणूचे पातेही असेच वर उचलता आले पाहिजे. खाडीत कोळी बांधवांच्या डोल जाळ्यांचे खुंट आणि दोर असतात. खाली अडकून राहणारी फळी त्यांत गुंतली, तर आपली होडी आणि त्यांचे जाळे अशी दोन्हींची हानी होते. जाळ्याचा दोर कापणे हा मार्ग नव्हे.

भरतीच्या वेळेचा अंदाज किनाऱ्यावरील जाणती माणसे तिथीवरून करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ तासांत मिळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शिक्षकांना वर्गात सांगण्यासारखा हा हिशेब आहे. तथापि तो ढोबळ आहे. मुक्कामाची आखणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून करावी आणि खाडीत आत, कल्याणकडे, भरती मुंबईपेक्षा उशिराने पोहोचते हे ध्यानात ठेवावे.

ती उलटणार, हे गृहीत धरावे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मोठ्या नौकेच्या तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे वजन असते. ती कलली तरी ते वजन तिला सरळ करते. ट्रेलरवरच्या उघड्या होडीत असे वजन नसते, कारण ते असते तर ती ट्रेलरवर गेलीच नसती. तिचा समतोल आतल्या माणसांवर असतो. वडील ७०, आई ६० आणि दोन मुले मिळून ६० किलोग्रॅम धरली, तर माणसांचे वजन १९० होते, म्हणजे होडीपेक्षा अधिक. याचा अर्थ, या होडीचे भारवजन म्हणजे आपले कुटुंबच होय. मुले एका बाजूला डॉल्फिन पहावयास धावली, की भारवजन एका बाजूला धावले.

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटून तीन विद्यार्थिनींचा अंत झाला. बोटीत सुमारे चाळीस विद्यार्थी होते. ती शिडाची नव्हती, परंतु तिच्यापासून घ्यावयाचा बोध शिडाच्या होडीलाही लागू आहे. होडी उलटणे हा अपघात असू शकतो. उलटल्यानंतर जीव जाणे हे बहुधा आधीच्या निष्काळजीपणाचे फळ असते.

म्हणून विकत घेण्यापूर्वी होडी उलटवून पहावी. हे ऐकून विक्रेते नाराज होतात. छातीभर पाण्यात, नांगर बांधून, चांगल्या हवेत ती मुद्दाम आडवी पाडावी आणि तीन गोष्टी तपासाव्यात. आडवी पडल्यावर ती पूर्ण उताणी होते काय? होत असेल, तर डोलकाठीच्या टोकाला तरंगणारा फुगा बसवून घ्यावा. आपल्या उथळ खाड्यांत उताण्या होडीची डोलकाठी चिखलात रुतते आणि मग ती सरळ करणे चार माणसांनाही जमत नाही. दुसरे, कुटुंबातील सर्वांत हलक्या प्रौढ व्यक्तीला, बहुतेक घरांत आईला, सेंटरबोर्डवर उभे राहून ती एकटीने सरळ करता येते काय? वडील पाण्यात पडले आणि मुले होडीला धरून आहेत, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. तिसरे, सरळ झालेली, काठोकाठ पाण्याने भरलेली होडी आतल्या एका माणसासह तरंगते काय, आणि बादलीने उपसून पाणी कमी होते की लाटेसरशी पुन्हा भरते?

या तिसऱ्या परीक्षेचे उत्तर होडीच्या हवाबंद कप्प्यांत असते. जुनी होडी पहावयास गेलो असता एका गृहस्थांनी कप्पे अगदी कोरडे असल्याचे छातीठोकपणे सांगितले. झाकण उघडल्यावर आतून दोन बादल्या पाणी आणि एक जिवंत खेकडा निघाला. हवाबंद कप्प्याचे झाकण व त्याची रबरी कड हाताने तपासावी. शक्य असेल तेथे आत बंद पेशींच्या फोमचे ठोकळे भरावेत, म्हणजे कप्पा गळला तरी होडी तरंगेल.

जीवरक्षक जाकिटांबाबत एक भेद सांगणे आवश्यक आहे. ५० न्यूटनचे जाकीट हे पोहता येणाऱ्याला तरंगण्यास साहाय्य करते. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर ठेवीलच असे नाही. पोहता न येणाऱ्यांनी व लहान मुलांनी १०० न्यूटनचे किंवा त्याहून अधिक क्षमतेचे, मानेमागे आधार असलेले आणि दोन्ही पायांमधून पट्टा जाणारे जाकीट घालावे. पायांमधला पट्टा नसेल तर पाण्यात पडताच जाकीट वर रहाते आणि मूल खाली सरकते. मुलाला जाकीट घालून खांद्यांपाशी धरून वर उचलावे. ते कानांपर्यंत आले, तर ते त्याचे नाही.

शीड, डोलकाठी आणि विजेच्या तारा

अकरा-बारा चौरस मीटरचे शीड पाच मीटरच्या होडीला पुरेसे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वारा वाढताच आखडता आले पाहिजे, आणि पाण्यात असतानाच, पाच मिनिटांत. डिसेंबर ते मे या काळात आपल्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरचे मतलई वारे मंद असतात आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे जोराने सुटतात. सकाळच्या गुळगुळीत पाण्यावर निघालेल्या कुटुंबाला परतीच्या वेळी, मुले थकलेली असताना, दिवसातील सर्वांत जोराचा वारा भेटतो. आखडण्याची सोय नसलेले शीड शर्यतवाल्यांना शोभते.

डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. ती उभी करून होडी ट्रॉलीवरून ढकलीत नेताना वरून जाणाऱ्या तारेला लागली, तर दोर धरलेल्या सर्वांना धक्का बसतो. कित्येक गावांत धक्क्याच्या वाटेवरूनच अकरा हजार व्होल्टची वाहिनी जाते. डोलकाठी पाण्याकाठी, वर पाहूनच उभी करावी. ग्रामपंचायतीने आपल्या काठावर एक पाटी लावली, तरी मोठे काम होईल. डोलकाठी बुडाशी बिजागरीवर आडवी होणारी असावी. कल्याण ते ठाणे या खाडीत रस्त्याचे व लोहमार्गाचे पूल आहेत आणि त्यांच्याखालून जाताना ती निजवावी लागते.

वेगाची गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण तिच्यात निवडण्यासारखे फारसे नाही. पाण्यातील लांबी साडेचार मीटर असलेली होडी पाणी कापीत तासाला साडेनऊ किलोमीटरपेक्षा फार पुढे जात नाही आणि कौटुंबिक प्रवासात सरासरी पाच-सहा किलोमीटर पडते. गेटवेपासून मांडवा सुमारे १२ किलोमीटर. म्हणजे वारा अनुकूल असता दोन तास. परंतु समोरून तासाला तीन-चार किलोमीटरची ओहोटी असेल, तर तेच अंतर संध्याकाळपर्यंत संपत नाही. म्हणून प्रवास ठरवावयाचा तो भरतीच्या कोष्टकावरून, सुटीच्या तारखेवरून नव्हे.

कोणते पाणी?

बदलापूरकरांच्या मनात प्रथम बारवीचे धरण येते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले व पुढे उंची वाढविलेले हे धरण पिण्याच्या व उद्योगांच्या पाण्याचा साठा आहे. महामंडळाच्या परवानगीवाचून तेथे होडी घालण्याचा विचार करू नये. गावाजवळच्या उल्हास नदीत बंधारे आणि खडक आहेत, तर खाली मोहनेच्या बाजूला जलपर्णी. कल्याणपासून पुढे खाडी खुली आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई व वसई खाडी हा १४५ किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. शिकण्यासाठी हे पाणी निवांत आहे, पण ते स्वच्छ नाही, आणि जेथे मुलांना मुद्दाम होडी उलटवून शिकवावयाचे तेथे पाण्याची स्वच्छता ही गौण बाब नव्हे.

पहिल्या वर्षी मांडव्याची वाळू आणि रेवस-करंजा-धरमतर ही खाडी बरी. बदलापूरहून पनवेल-पेणमार्गे तेथे पोहोचता येते, पाण्याला तिन्ही बाजूंनी आडोसा आहे आणि ओहोटीत अडकलो तरी काठ दूर नसतो. धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्जेस चालतात. त्या थांबू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटेतून आपणच बाजूला रहावे. खांदेरी-उंदेरीची बाहेरची बाजू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवावी.

पुराच्या कामाची नव्हे

बदलापुरात होडीचा विषय निघाला की पुराची आठवण निघते, हे साहजिक आहे. २६ जुलै २००५ चा पूर या गावाने भोगला आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने इतर यंत्रणांच्या व स्थानिकांच्या मदतीने बाहेर काढले. त्या दिवशी कामास आल्या त्या रबरी हवेच्या होड्या. त्या रस्त्याने आणल्या गेल्या होत्या.

यावरून काही पंचायत सदस्य असा विचार मांडतात, की शाळेसाठी शिडाची होडी घ्यावी आणि पावसाळ्यात तीच पुरासाठी वापरावी. हा विचार धोक्याचा आहे. पुराच्या ओढीत शीड निरुपयोगी ठरते, डोलकाठी तारांत अडकते, पोटातील फळीची खाच झाडांच्या फांद्या धरते, आणि कडक तळाची होडी भिंतीवर आपटली तर फुटते. पुरासाठी हवेची होडी, इंजिन आणि प्रशिक्षित माणसे हवीत. एकाच खरेदीत दोन्ही उद्देश साधण्याचा मोह टाळलेला बरा. ट्रेलर मात्र दोघींना सामाईक असू शकतो, आणि ट्रेलरला जोडून मोटार मागे नेता येणारी दोन माणसे गावात असणे हे पुराच्या दिवशी उपयोगाचे आहे.

शाळेला होडी बांधावयाचीच असेल, तर मिररच्या पद्धतीची, शिवून व चिकटवून होणारी लहान होडी बांधावी. प्लायवुड भारतीय मानक ७१० चे, सागरी वापराचे असावे. साधे जलरोधक म्हणून विकले जाणारे नव्हे. कार्यानुभवाच्या तासांत एका वर्षात ती पुरी होते.

नोंदी आणि परवानग्या

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने १९१७ चा जुना कायदा बदलला. यंत्राने चालणाऱ्या जलयानांची तपासणी व नोंदणी त्यात आहेच. शिवाय यंत्राविना चालणाऱ्या जलयानांसाठीही स्वतंत्र प्रकरण असून त्यांच्या नोंदीच्या कामात स्थानिक स्वराज्य संस्थांना स्थान दिले आहे. पंचायत सदस्यांनी हे प्रकरण वाचून ठेवावे. नुसत्या शिडाच्या होडीला मागे छोटे इंजिन लावले, की ती यंत्रचालित वर्गात जाते, ही गोष्ट घेणारे विसरतात. समुद्राच्या धक्क्यावरून होडी उतरवावयाची असल्यास महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आधी विचारावे आणि निघताना कोठे जात आहोत, केव्हा परतणार, हे काठावरील एका माणसाला लिहून द्यावे.

पावसाळ्यात होडी अंगणातच राहणार. तिची तळाची बूच काढून ठेवावी, नाळ थोडी वर उचलावी आणि ताडपत्री कौलारू छपरासारखी उतरती बांधावी. सपाट ताडपत्रीच्या खोळीत आठ दिवस पाणी साचले, की त्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग आरोग्यसेवक होडीच्या मालकाला नोटीस देतात, ते योग्यच आहे. टायरमधील हवा भरून ट्रेलर विटांवर टेकवावा, बेअरिंगात नवे ग्रीस भरावे, शिडे धुऊन वाळवून घरात टांगावीत. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहून मासेमारीस निघतात. ट्रेलरवरच्या होडीने मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबावे, पाऊस पूर्ण उघडल्यावर भांगाच्या भरतीचा एखादा शनिवार पहावा आणि पहिली खेप मुलांना घरी ठेवून, दोघा मोठ्यांनीच करावी.